उजवा हात मांडीवर

कॉफीच्या मशीनने पहिल्याच दिवशी माझ्याशी वैर धरलं. बटण दाबलं तर कागदी कप आला तो तिरका, आणि तो सरळ बसायच्या आत धार सुरू! मी दोन्ही हात आत घालून धडपडत होते, बोटं भाजून घेत होते आणि सवयीप्रमाणे मशीनला शिव्या देत होते. हँगरच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की माझ्या शिव्या माझ्याशिवाय कुणाला ऐकू जात नसतील, अशी माझी समजूत होती.

“पुढे... अजून थोडं पुढे,” मागून आवाज आला. शांत, जरासा झोपाळू. “डावीकडे किंचित... बास. आता हलवू नका.”

मी हलवला नाही. धार नेमकी कपाच्या मधोमध पडायला लागली. वळून बघितलं, तर हिरव्या उड्डाणवेशातला एक उंच माणूस खिशात हात घालून उभा होता. मदतीसाठी त्याने बोटसुद्धा पुढे केलं नव्हतं.

“पहिल्यांदाच भरताय?” त्याने विचारलं.

“तुम्ही रोज भरता वाटतं?”

“रोज. फक्त आमचा कप जरा मोठा असतो... आणि पळत असतो.”

मला हसू आलं आणि कॉफी हातावर सांडली. तो कोण ते तेव्हाच कळलं. हवाई तळावर सगळे त्याला पंपवाले म्हणत. इंधन वाहून नेणारं भलंमोठं टँकर विमान आकाशात पुढे चालतं, मागून लढाऊ विमान त्याच्या पोटाखाली येतं, आणि टँकरच्या शेपटीतून एक लांब, ताठ नळी खाली उतरते. तिला म्हणायचं बूम. त्या बूमच्या टोकाचं नोझल खालच्या विमानाच्या पाठीवरच्या ताटलीएवढ्या भोकात अलगद बसवायचं, तेही दोन्ही विमानं वाऱ्याला कापत पळत असताना. हे काम करणारा माणूस म्हणजे पंपवाले. शेपटीतल्या खिडकीशी एका खुर्चीत बसून, उजव्या हातातल्या स्टिकने, वर्षानुवर्षं.

“आणि तुम्ही?” त्याने विचारलं.

काय सांगणार! हेच काम माणसाशिवाय करणारी यंत्रणा बनवली होती आमच्या चमूने, आणि ती त्याच्या टँकरवर बसवायला मी आले होते. मी कॉफीकडे बघत सांगून टाकलं.

“अच्छा,” तो म्हणाला. “म्हणजे माझी खुर्ची काढायला आलात.”

“तसं नाही... म्हणजे... हो, तसंच.”

“मग आधी येऊन बसा तरी तिच्यात. कशी आहे ते बघा.”

इतक्या सरळपणे म्हणाला की मला भांडायलासुद्धा जागा उरली नाही.

त्यात लपवाछपवी कुणीच करत नव्हतं. चाचण्या पास झाल्या, तर पुढच्या टँकरांमध्ये ती खुर्ची नसणार होती. जुने टँकर दूरच्या एका तळावर आणखी काही वर्षं उडणार होते, आणि ऑपरेटरांना तिकडे पाठवणार होते. म्हणजे मी जिंकले की तो जाणार. पहिल्या आठवड्यात मला याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

मी मुळातच अस्वस्थ जमातीतली. बसले की पाय हलतो, उभी राहिले की पेन टिकटिकतं. आई मला लहानपणापासून चुळबुळ म्हणते, आणि तिने फोन स्पीकरवर असताना तशी हाक मारल्यामुळे ते नाव त्या तळावरही पसरलं. पावसाने उड्डाणं रद्द झाली की आम्ही सगळे प्रतीक्षाकक्षात बसून राहायचो. काचेवरून पाणी ओघळत असायचं, ओल्या डांबराचा आणि विमानाच्या तेलाचा वास आत यायचा, आणि माझा पाय सुरू.

“चुळबुळबाई,” एकदा तो पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, “आज विमानं जमिनीवर आहेत. तुमचा गुडघा मात्र उडतोय.”

“तुमचं काय जातंय त्यात?”

“बाक एकच आहे. मी पण उडतोय.”

आणि त्याने आपली टोपी काढून माझ्या गुडघ्यावर ठेवली. नुसती ठेवली, हात न लावता. टोपी पडेल म्हणून मला पाय हलवता येईना. कितीतरी वेळ मी शहाण्यासारखी बसून राहिले, पण आतलं काय करणार? आत तर सगळंच हलायला लागलं होतं.

आईला सुगावा लागायला वेळ लागत नाही.

“कुणी आहे का गं?” तिने फोनवर विचारलं.

“आहे असंही नाही... नाही असंही नाही.”

“काय करतो?”

“विमानात इंधन भरतो.”

“म्हणजे पंपावर आहे?”

“हवेत भरतो, आई.”

“हवेत कुठला आलाय पंप! बरं, ते राहू दे. नोकरी कायमची आहे ना?”

जगातले सगळे प्रश्न सोडून आईने नेमका तो विचारला होता.

चाचण्या सुरू झाल्या. टँकरच्या शेपटीतली ती खोली म्हणजे खोली कसली, कपाटच. शेजारीशेजारी दोन खुर्च्या, समोर तिरकी मोठी खिडकी, आणि खिडकीखाली नुसतं ढगांचं रान. एका खुर्चीत तो, दुसऱ्या खुर्चीत मांडीवर स्क्रीन घेतलेली मी. नियम साधा होता. यंत्रणा बूम हलवणार. त्याने डावा हात लाल बटणावर ठेवायचा, धोका वाटला तर बटण दाबून सगळं तोडायचं. उजवा हात स्टिकच्या जवळ, पण स्टिकला लावायचा नाही.

मागून येणाऱ्या लढाऊ विमानाच्या वैमानिकाला सगळे जांभई म्हणायचे, कारण तो रेडिओवर प्रत्येक वाक्याच्या शेवटी जांभई द्यायचा. पंपवाले त्याला गिऱ्हाईक म्हणायचा.

“गिऱ्हाईक आलं बघा,” तो म्हणायचा, आणि मी मांडीवरचा स्क्रीन घट्ट धरायचे.

सुरुवातीला यंत्रणेने माझी पुरती लाज काढली. नोझल छान खाली जायचं, भोकापासून हातभर अंतरावर पोचायचं, आणि तिथे खालच्या विमानाच्या नाकावरून उसळणारा वारा त्याला ढकलायचा. यंत्रणा इकडे सावरायची, तिकडे सावरायची, आणि शेवटी घाबरून बूम वर ओढून घ्यायची. पुन्हा... पुन्हा... पुन्हा. मी ओठ चावत स्क्रीनकडे बघत बसायचे. खाली उतरताना पंपवाले नुसता माझी बॅग उचलायचा.

मग दुसऱ्या आठवड्यात जमलं! नोझल थरथरलं, थांबलं आणि टचकन बसलं. दुसऱ्या दिवशीही जमलं, तिसऱ्या दिवशीही. हँगरमध्ये टाळ्या पडल्या. आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडम, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यासुद्धा माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. मी फोन करून आईला सांगितलं. मग फोन ठेवला, आणि आनंद कसा साजरा करायचा ते कळेना. यंत्रणा पास होत होती... आणि तो जाणार होता.

त्या दिवसांत माझं कशातच मन लागेना. जेवताना चमचा थांबायचा. कपडे वाळत घातले की पुन्हा काढून पुन्हा घालायचे. रस्त्याने चालताना आवाज आला की वर बघायचं. आपल्याला काय झालंय हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. कळत होतं, म्हणून तर चैन पडत नव्हती.

आणि म्हणूनच ते माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. जांभई आला, बूम उतरला, नोझल शेवटच्या हातभर अंतरावर पोचलं. खरं तर मी स्क्रीनकडे बघायला हवं होतं. पण माझी नजर स्क्रीन सोडून त्याच्या हाताकडे गेली होती. आता हा हात शेजारी किती दिवस दिसणार, असा काहीतरी खुळा विचार डोक्यात होता. त्याचा हातमोजा काळ्या चामड्याचा, अंगठ्याजवळ मऊ पडलेला. तो हात स्टिकला हलकेच टेकला होता. मी बघता बघता चामड्यावर एक बारीक सुरकुती उमटली, मिटली, पुन्हा उमटली. बाहेर नोझल तेवढंच डावीकडे गेलं, तेवढंच वर आलं, आणि टचकन बसलं.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. स्टिकवर इतका हलका दाब आला तर बूम तेवढा हलेल, पण त्याला ‘माणसाने ताबा घेतला’ असं धरायचं नाही, हे ठरवलं होतं मीच, विमानाच्या थरथरीने यंत्रणा फसू नये म्हणून. त्यामुळे स्क्रीनवर काहीच दिसलं नव्हतं. माझी यंत्रणा पास झालीच नव्हती. तो पास होत होता.

आम्ही उतरलो तोवर ढग भरून आले होते. धावपट्टीच्या कडेला भुरभुर पाऊस सुरू झाला होता. तो बॅग उचलायला वाकला, तशी मी ती ओढून घेतली.

“कधीपासून?”

त्याने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. “दुसऱ्या आठवड्यापासून.”

“का?”

“पहिल्या वेळी हात आपोआप गेला. सवय... नोझल चुकतंय दिसलं की हात राहत नाही.”

“आणि नंतर?”

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. “नंतर... शेजारच्या खुर्चीत तुमचा चेहरा दिसायचा. तो पडलेला बघवत नव्हता.”

खरं सांगते, दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे ऐकून मी विरघळले असते. त्या दिवशी मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे माझं काम तुमच्या दयेवर पास झालं? उद्या या खुर्चीत कुणी नसेल. यंत्रणा एकटी असेल, खाली टाकी रिकामी होत आलेला एखादा जांभई असेल, आणि वारा असेल. तेव्हा तुमचा हात मी कुठून आणू? आणि एवढं करून मिळणार काय तुला? हे पास झालं की तुलाच इथून जावं लागणार, कळत नाही का तुला? स्वतःच्या हाताने स्वतःला हाकलतोयस!”

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत अपराधीपणा होता, आणि त्याच्या काठाला कुठेतरी हसू.

“आत्ता ‘तू’ म्हणालात.”

“रागात म्हणाले!”

“रागात का होईना...”

मी पाय आपटत निघून गेले. खोलीत येऊन ओल्या कपड्यांनिशी येरझाऱ्या घातल्या. मॅडमना सांगायचं हे तर ठरलेलंच होतं. सांगितलं की जमलेल्या सगळ्या जोडण्या रद्द होणार, प्रकल्प लांबणार, कदाचित बंदच पडणार. आणि मग तो इथेच राहणार. हा विचार मनात आला आणि इतका गोड लागला की मला माझीच चीड आली. मी खरं सांगायला निघाले होते की त्याला ठेवून घ्यायला? काही केल्या ठरेना.

सकाळी मॅडमच्या खोलीचं दार ढकललं, तर तो आधीच त्यांच्यासमोर उभा.

“या,” मॅडम म्हणाल्या. “यांचं सगळं सांगून झालंय. तुम्हाला वेगळं काही सांगायचंय?”

“नाही... तेच.”

“छान. दोघंही प्रामाणिक. उशिरा, पण प्रामाणिक.” त्यांनी चष्मा काढला. “जोडण्या रद्द. यांच्यावर जी कारवाई व्हायची ती होईल. आणखी दोन आठवडे आहेत. तेवढ्यात तुमच्या यंत्रणेने एकटीने जोडणी केली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळा.”

“मॅडम, स्टिकच बंद करून टाकू या,” मी म्हणाले.

“आणि बूम बेफाम झाला तर? विमान कुणी वाचवायचं, तुम्ही? स्टिक चालूच राहील. बंद करायचाय तो माणूस.” त्या त्याच्याकडे वळल्या. “दुसरा ऑपरेटर मी घेणार नाही. हा चुकला, पण स्वतःहून सांगायला आला. उजवा हात मांडीवर. आणि तुम्ही,” हे मला, “तुम्ही त्या हातावर नजर ठेवायची. हे तुमचं काम आहे असं समजा.”

मी मान डोलावली. त्या कामाची मी आधीपासूनच किती मन लावून तयारी केली होती, हे मॅडमना सांगण्यात अर्थ नव्हता.

मग मी यंत्रणेच्या मागे लागले. जेवण विसरले, फोन विसरले. एका दुपारी फसलेल्या जोडण्यांची चित्रफीत संथ करून बघत होते, आणि एकदम मला माझाच हलणारा पाय दिसला. अगदी तसंच! वाऱ्याची बारीकशी झुळूक आली की यंत्रणा दचकून सावरायची, सावरलेलं जास्त झालं म्हणून पुन्हा सावरायची. जी झुळूक आपोआप निघून गेली असती तिच्याशीसुद्धा झुंजायची. पोर माझ्यावर गेलं होतं! मी तिला काही नवीन शिकवलं नाही. फक्त थोडं थांबायला शिकवलं. मला स्वतःला जे कधी जमलं नव्हतं तेच.

त्या दिवसांत तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदाच जिन्यावर भेटला तेव्हा म्हणाला, “मला इथून जायचं नाहीये. ते तुम्हाला वाटतं तसं सोपं नाहीये मला. पण ते पास व्हावं, असंही वाटतं. तुमचं आहे म्हणून.”

“दोन्ही कसं वाटेल?” मी विचारलं.

“वाटतं,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. मला मात्र त्याला सांगायचं राहून गेलं, की मलाही अगदी तसंच वाटतं.

शेवटच्या आठवड्यात पावसाने थोडी उघडीप दिली, आणि आम्ही उडालो. खाली समुद्रावर ढग पिंजलेल्या कापसासारखे पसरले होते. वारा चांगलाच होता. त्याने डावा हात लाल बटणावर ठेवला. उजवा मांडीवर. पण तो हात तिथे राहीना. बोटं वळत होती, उघडत होती.

“गिऱ्हाईक आलं,” तो पुटपुटला.

बूम उतरू लागला. त्याचा हात मांडीवरून किंचित उचलला गेला, पुन्हा खाली आला.

“मला जमणार नाही,” तो म्हणाला. “ठेवू कुठे हा?”

मी स्क्रीन बाजूला ठेवला. मॅडमनी दिलेलं काम होतं ना? मी माझा हात पुढे केला.

“इथे.”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, दातांनी हातमोजा ओढून काढला, आणि हात माझ्या हातात दिला. गरम, घामेजलेला हात. लाजायला वेळच नव्हता, कारण पुढच्याच क्षणी तो हात बोलायला लागला! नोझल उजवीकडे सरकलं, तसा माझ्या तळव्यावर डावीकडे दाब आला. आणि खिडकीबाहेर, आपलं आपण, नोझल डावीकडे वळलं. त्याच्या बोटांनी माझी बोटं वर ढकलली. नोझल वर आलं. त्याचा हात माझ्या हातात, माझी यंत्रणा बाहेर, आणि दोघं एकच बोलत होती. फक्त एकमेकांना ऐकू न जाता.

मग शेवटचं हातभर अंतर. वाऱ्याचा जोराचा धक्का आला. त्याच्या हाताने माझा हात कचकन दाबला. वर, वर घे! यंत्रणा हलली नाही. थांबली. माझ्या सगळ्या अंगाला वाटत होतं की काहीतरी कर, हल, सावर... ती थांबूनच राहिली. धक्का निघून गेला. माझ्या हातातला त्याचा हात हळूहळू सैल पडला, पूर्ण सैल, आणि बाहेर नोझल सरळ जाऊन टचकन बसलं.

त्याने श्वास सोडला. “मी चुकलो असतो,” तो म्हणाला. “या खेपेला मी चुकलो असतो...”

मला रडू फुटलं. चांगलं ढसाढसा.

“झालं ना आता! आता तू जाणार. मी एवढी वर्षं या दिवसासाठी घासली, आणि आत्ता... अगदी आत्ता, ते चुकावं असं मला वाटत होतं. मला तू आवडतोस रे. मला तू जायला नको आहेस.”

कानातल्या हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला.

“चुळबुळबाई,” जांभईचा आवाज आला, “ते चुकलं असतं तर मला पोहत घरी जावं लागलं असतं. तेवढं लक्षात असू द्या.”

मी कपाळावर हात मारला. नोझल बसलं की इंधनासोबत आवाजाची तारही जोडली जाते. आम्ही बोललेलं सगळं खालच्या वैमानिकाला थेट ऐकू जातं. ती तार जोडण्याची सोय यंत्रणेत मीच करून ठेवली होती. खरीखुरी जोडणी होण्याची सवय नसल्यामुळे साफ विसरले होते.

“गिऱ्हाईक, तू तेल घे आणि गप्प बस,” पंपवाले म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“गप्पच आहे. चालू द्या,” जांभई म्हणाला. त्या दिवशी त्याला एकदासुद्धा जांभई आली नाही.

टाकी भरली. यंत्रणेने नोझल आपलं आपण सोडवलं, बूम वर घेतला. लढाऊ विमान पंख हलवून बाजूला झालं आणि दूर गेलं. तार तुटली होती. आता खरंच कुणी ऐकत नव्हतं.

तो खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला काही करायचं उरलं नव्हतं. चेहऱ्यावर हरवल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघून मला पुन्हा भरून आलं.

“कधी निघायचं?” मी विचारलं.

“महिना अखेरीस असेल.” मग, माझ्याकडे न बघता, “मला पण तू आवडतेस. मी ते स्टिकने सांगत होतो. चुकीची पद्धत होती.”

“फार चुकीची.”

“हो. तिकडे जुने टँकर आहेत. काही वर्षं तरी बसता येईल खुर्चीत.”

“काही वर्षं?” मी नाक पुसलं. “मी दोन वर्षांच्या आत तिकडे येते की नाही बघ. त्या टँकरवर पण यंत्रणा बसवणार.”

तो वळला. “म्हणजे तिथूनही मला उठवणार?”

“उठवणार,” मी म्हणाले, “आणि घरी घेऊन जाणार.”